बंदी नाचावर, मोकळीक मालकाला : नाचणाऱ्या लेकरांचा इतिहास आणि आपली जयंती

१४ एप्रिल १९२८ रोजी जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात बाबासाहेबांची पहिली जयंती साजरी केली. त्या जयंतीपासून आजच्या जयंतीपर्यंत मांडव मोठा झाला, वर्गणी वाढली, डीजे आला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आणखी एक गोष्ट वाढली, तिच्याकडे आपले फारसे लक्ष नाही. लहान मुलामुलींचे नाच. समूहनृत्य स्पर्धा, एकल नृत्य स्पर्धा, भीमगीतांवर बसवलेले नाच, मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाचणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या पोरी. आता तर जयंतीपुरतेच नाही, वर्धापनदिन, नामांतर दिन, वाढदिवस, सगळीकडे.

यावर आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, आपल्या पोरींना पुन्हा नाचायला लावायचे का? बाबासाहेबांनी ज्यातून बाहेर काढले त्याच खड्ड्यात परत? दुसरा म्हणतो, ही कला आहे, पोरांची हौस आहे, संस्कृतीरक्षकांसारखे बोलू नका. मी दोन्ही बाजूंच्या बैठकांना बसलो आहे. माझे म्हणणे असे की दोन्ही बाजू एकाच चुकीच्या गोष्टीवर भांडत आहेत. दोघेही नाचाबद्दल बोलतात. नाच कोणी ठरवला, पैसे कोणाच्या हातात आहेत, पोरगी कपडे कुठे बदलते, रात्री अकराला ती घरी कोणाबरोबर जाते, यावर कोणीच बोलत नाही. आणि हे आजचे नाही. महाराष्ट्रात दोन-अडीचशे वर्षे हेच चालले आहे. नाचणाऱ्या लेकराचा प्रश्न आला की चर्चा नाचाच्या शीलाची होते, नाचवणारा सुटतो.

पेशवाईपासून सुरुवात करू. शाळेत आपल्याला शाहिरांची नावे पाठ करायला लावली : राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर. दुसऱ्या बाजीरावाचा काळ म्हणजे लावणीचा सुवर्णकाळ, हेही सांगितले. पण त्या लावणीवर नाचले कोण? त्यांची नावे कोणत्या धड्यात आहेत? पेशवाईच्या दप्तरात कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. माणसे विकली जात होती, त्यात बहुसंख्य खालच्या जातींच्या बायका आणि मुली होत्या. कोणी शेतावर राबली, कोणी वाड्यात, कोणी नाटकशाळेत गेली. शर्मिला रेगे यांनी लावणीवरच्या आपल्या लेखनात हा संबंध नीट उलगडून दाखवला आहे. ज्या राज्याने ब्राह्मण स्त्रीला केशवपनात आणि सोवळ्यात बंद केले, त्याच राज्याने शूद्र-अतिशूद्र स्त्रीचे शरीर सगळ्यांसाठी खुले आहे असे ठरवले. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकीची पवित्रता टिकवायला दुसरीची गरज होती.

यात मूल असलेल्या नर्तिकेला कुठलीही वेगळी जागा नव्हती. उलट लहान वय ही सोय होती. शिकवायला सोपे, पळून जायची शक्यता कमी. मुलगेही सुटले नाहीत. तमाशात बाई उभी राहण्याआधी बाईचे सोंग पोरगाच घ्यायचा. ‘नाच्या पोऱ्या’ हा शब्द आपण आजही शिवीसारखा वापरतो, तेव्हा आपण त्या पोराची बाजू घेत नाही, त्याला नाचायला लावणाऱ्या पाटलाची घेतो. अभिनेते गणपत पाटील यांनी मराठी सिनेमात नाच्याच्या भूमिका इतक्या ताकदीने केल्या की लोकांनी त्या माणसालाच त्या भूमिकेत कोंडले, त्याची झळ त्यांच्या घरापर्यंत पोचली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा कागलकर हीच गोष्ट सांगतो. बाई असो की पुरुष, नाचणारे शरीर हे कोणाच्याही मालकीचे, ही समजूत.

मग मुरळी. नवस आई-बापाचा, देव खंडोबाचा, आणि लग्न लागायचे पाळण्यातून नुकत्या बाहेर आलेल्या पोरीचे. मुरळीला कोणी विचारले नाही, विचारण्याच्या वयातच ती नव्हती. जागरणात नाचायचे, वाघ्याबरोबर गावोगाव फिरायचे, आणि वयात आली की गावातल्या ज्याच्या हातात सत्ता आणि पैसा, त्याची सोय व्हायची. याला धर्म म्हणत. या प्रथेत महार-मांगांच्या मुली मोठ्या संख्येने होत्या.

इथे आपल्या चळवळीचा एक विसरलेला धागा आहे आणि तो बाबासाहेबांच्याही आधीचा आहे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले. या मासिकाने मुरळीचा प्रश्न सतत लावून धरला. १९०९ मध्ये त्यात शिवूबाई नावाच्या एका मुरळीचे स्वतःच्या स्थितीविषयीचे पत्र छापून आले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात तिची नोंद केली नसती तर आपल्यापैकी किती जणांना ती ठाऊक असती? एक मुरळी १९०९ मध्ये स्वतः बोलते, आणि अस्पृश्यांचे मासिक तिला जागा देते. कांबळे यांनी नुसती निंदा केली नाही. मुरळी सोडलेल्या मुलीचे पुढे काय, हा प्रश्न त्यांनी घेतला, तिच्याशी लग्न करायला समाजातल्या तरुणांनी पुढे यावे म्हणून प्रयत्न केले. आज लग्न हे एकमेव उत्तर आपल्याला पटणार नाही. पण प्रथा थांबवताना त्या प्रथेतल्या माणसाच्या उद्याच्या भाकरीचा आणि मानाचा विचार करायचा, ही पद्धत तिथे सुरू झाली. सरकारला मुंबई देवदासी संरक्षण कायदा करायला १९३४ उजाडले. आणि तरीही महाराष्ट्राला २००५ मध्ये देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा करावा लागला, यावरून पहिल्या कायद्याने किती काम केले ते समजा.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण जयंतीच्या बैठकीत शेवटी त्यांचेच नाव घेऊन वाद मिटवला जातो. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईत धर्मांतरासाठी महार परिषद झाली. त्यानंतर १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज यांची सभा झाली. धर्मांतराला पाठिंबा देण्यासाठी ही माणसे आली होती. त्यांच्यासमोर बाबासाहेबांनी फार कडक भाषेत सांगितले की आमच्याबरोबर यायचे असेल तर हे जिणे सोडावे लागेल. कामाठीपुऱ्यातल्या बायकांनाही त्यांनी तेच सांगितले. या भाषणावर आक्षेप घेतले जातात, आणि ते सगळे वाईट हेतूने घेतले जात नाहीत. मानाचे ओझे बायकांच्या डोक्यावर का, असा प्रश्न एखाद्या अभ्यासक मैत्रिणीने विचारला तर तिला गप्प करू नये.

पण त्या सभेचे दुसरे अंग बघा. काँग्रेसवाल्या, सुधारकवाल्या कोणत्या पुढाऱ्याने १९३६ मध्ये या बायकांना राजकीय निर्णयात सहभागी म्हणून हॉलमध्ये बोलावले होते? बाबासाहेब त्यांच्याशी समाजाच्या घटक म्हणून बोलत होते. आणि सोडा म्हणाले ते नाचाबद्दल नाही. जन्माने ठरलेल्या, नवसाने लादलेल्या, ज्यातून नाही म्हणता येत नाही अशा बंधनाबद्दल म्हणाले. पठ्ठे बापूरावांची आठवण सांगितली जाते तीही याच अर्थाने वाचली पाहिजे. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ब्राह्मण शाहीर, आणि त्यांच्या फडाचे वैभव उभे होते ते पवळा या महार स्त्रीच्या नाचावर. महाडच्या सत्याग्रहासाठी त्यांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले तेव्हा अस्पृश्य बाया नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असे सांगून बाबासाहेबांनी तो नाकारला, अशी ती आठवण. इथे नकार कोणाला आहे? पवळेला नाही. पैसा ज्याच्या हातात आला त्याला आहे. हा फरक ज्याला कळत नाही तो बाबासाहेबांच्या नावाने पोरींनाच दटावत राहणार.

आंबेडकरी जलशांनी या प्रश्नाचे काय केले? भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी तमाशाचे रूप घेतले आणि आतला मजकूर बदलला. गवळणीतली कृष्णाची छेडछाड गेली, तिथे शिक्षण, पाणवठा, मंदिरप्रवेश, धर्मांतर आले. हे फार मोठे काम होते. पण त्या काळात जलशात बाईची भूमिका पुरुषच करत. म्हणजे आपल्या बाईचा अपमान थांबवायला आपण मंचावरून बाईच काढली. त्या काळाची ती गरज असेल, मी त्याला नावे ठेवणार नाही. शैलजा पाईक यांच्या तमाशावरच्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या २०२२ च्या ग्रंथात हाच पेच तपशिलाने मांडला आहे : माणुसकी मिळवण्याच्या लढ्यात तमाशातल्या दलित स्त्रीची जागा कुठे, ती आपली की आपल्याला लाज आणणारी? आपण त्या प्रश्नाचे उत्तर पुढे ढकलले आहे. आज ती पोरगी पुन्हा मंचावर आली आहे, तिला कसे उभे करायचे हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. अश्लील आहे म्हणून. मग बंदी उठली, संहिता तपासून परवानगी द्यायची व्यवस्था आली. कोणत्या ओळीत काय सूचित होते हे तपासायला माणसे नेमली गेली. तंबूत पोरी झोपतात कुठे, त्यांना महिन्याला किती मिळते, फडमालकाकडून उचल घेतलेल्या बापाची लेक किती वर्षे बांधली जाते, हे तपासायला कोणी नव्हते. याच व्यवस्थेत विठाबाई नारायणगावकर उभ्या राहिल्या. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात लहानपणापासून त्या नाचल्या. भरल्या दिवसांत खेळ सुरू असताना पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. जिद्द म्हणतो. मला ती गोष्ट ऐकून प्रत्येक वेळी वाटते, अरे, खेळ थांबवणारा एकही माणूस नव्हता? प्रेक्षक नाही, ठेकेदार नाही, आयोजक नाही? राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळालेली ही कलावंत २००२ मध्ये हलाखीत गेली. नंतर तिच्या नावाने सरकारने पुरस्कार सुरू केला.

डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ मध्ये आले. त्यातली शांताबाई शाळेत हुशार होती, तिला शिकायचे होते. तिला शाळेतून काढून नाचायला लावले. पुस्तक वाचून आपण कोल्हाटी समाजाच्या प्रथांवर चुकचुकलो. पण त्या प्रथेला गिऱ्हाईक पुरवणारे कोण होते? साखर पट्ट्यातले बागायतदार, आमदार, सावकार. चिरा उतरवण्याचे पैसे कोल्हाट्याच्या खिशातून येत नव्हते. गुन्हा विकणाऱ्या गरीब जातीचा, आणि विकत घेणारा मात्र गावचा प्रतिष्ठित, हा हिशेब आपण आंबेडकरी लोकांनी तरी मान्य करू नये.

आता २००५. राज्य सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बारमधले नाच बंद केले. ७५ हजार बाया त्यावर जगतात असा आकडा तेव्हा सांगितला जात होता. तारांकित हॉटेलांना सूट होती. म्हणजे तोच नाच तीन ताऱ्यांच्या वर गेला की अश्लील राहत नाही! आपल्या बाजूला तेव्हा मोठे मतभेद झाले. काही दलित-बहुजन स्त्री संघटनांनी बंदीला पाठिंबा दिला, कारण बारमधल्या अनेक मुली पिढीजात नाचाच्या जातींतल्या होत्या आणि जातीने लादलेला धंदा म्हणजे ‘निवड’ नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. इतर स्त्रीवादी संघटना रोजगाराच्या हक्काच्या बाजूने उभ्या राहिल्या. मला दोन्ही युक्तिवादांत तथ्य दिसते. पण बंदीनंतर त्या मुलींचे पुनर्वसन झाले नाही, हे दोघांनाही मान्य करावे लागेल. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०९ च्या सुमारास विचारलेला प्रश्न, पुढे काय, सरकारने २००५ मध्ये विचारला नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सरकारने पुन्हा कायदे केले आणि १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या कायद्यातल्या अनेक अटी काढून टाकल्या.

त्या शेवटच्या निकालातल्या दोन गोष्टी आपल्या मांडवासाठी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. नाचाच्या जागी सीसीटीव्ही लावण्याची सक्ती न्यायालयाने रद्द केली, कारण त्यातून खासगीपणाचा भंग होतो. आणि नाचणारीवर नोटा उधळायला मात्र मनाई कायम ठेवली. म्हणजे बारमध्ये नोटा उधळायला बंदी आहे, आणि आपल्याकडे मिरवणुकीत नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावरून दहाच्या नोटांचे बंडल ओवाळणारा काका आहे. त्याला प्रेम म्हणतात. मी म्हणतो, दौलतजादा. शब्द वाईट वाटला तर वाटू द्या. ज्या पोरीवर आज प्रेमाने नोटा उडतात तिला उद्या परक्याने उडवलेल्या नोटा ओळखता येणार नाहीत.

टीव्हीचेही तेच. नृत्याच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये लहान मुलांना मोठ्यांच्या सिनेगीतांवर, मोठ्यांच्या हावभावांसह नाचवले जाते म्हणून जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना असे टाळण्याची सूचना केली. आपल्या वस्तीतले नाच याच कार्यक्रमांवरून बसवले जातात. गाणे भीमगीत, अंगविक्षेप टीव्हीचा.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात पाहू, कारण कार्यकर्त्याला हे माहीत असले पाहिजे. बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, २०१७ मध्ये नियम आले. मनोरंजनाच्या व्यावसायिक कार्यक्रमात मूल घ्यायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमती, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, शाळा बुडता कामा नये, जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि कमाईच्या किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला घेता येत नाही. किती फडांत, किती ‘लावणी महोत्सवां’त, किती ऑर्केस्ट्रांत हे पाळले जाते ते तुम्हीच पाहा. आपली जयंती व्यावसायिक नाही, म्हणून हा नियम आपल्याला लागत नाही असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण सरकारने नफेखोर निर्मात्यावर घातलेली किमान अट समतेच्या चळवळीने स्वतःवर घालून घेऊ नये? पाच मुलांमागे एक माणूस, हे गणित आपल्या मंडळात ध्वनिव्यवस्थेच्या खर्चाच्या शंभराव्या भागातही बसते.

पोक्सो कायदा २०१२ मात्र सगळ्यांना लागतो, मांडव व्यावसायिक असो की नसो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळूनही जो पोलिसांना कळवत नाही तो स्वतः गुन्हेगार ठरतो. ‘वस्तीची बदनामी होईल, आपसात मिटवू’ म्हणणारे अध्यक्ष-सचिव यात येतात. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण हे वाक्य मी ऐकले आहे. समोरचा माणूस चळवळीतला होता, भाषण उत्तम करायचा. आरोप असलेला माणूस वर्गणी मोठी देणारा होता. त्या मुलीने त्यानंतर नाच सोडला, आणि वस्तीने म्हटले, बरे झाले, तसाही नाच चांगला नव्हे. पाहा, पुन्हा दोष नाचाचा.

कपडे बदलण्याच्या जागेबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सर्वात जास्त घात तिथेच होतो. एका वस्तीत मी पाहिले, मंचामागे उभ्या टेम्पोला साडी बांधलेली, आत सात-आठ पोरी एकमेकींचे घागरे बांधत होत्या आणि बाहेरून साडीच्या फटीतून मोबाईलचा उजेड येत होता. पोरी ओरडत नव्हत्या. त्यांना त्याची सवय झाली होती. हे मला जास्त भयंकर वाटले. २०२३ मध्ये राज्यातल्या एका प्रसिद्ध नर्तिकेचा कपडे बदलतानाचा चोरून काढलेला व्हिडिओ फिरला, गुन्हा दाखल झाला, आणि लोकांनी व्हिडिओ काढणाऱ्यापेक्षा तिच्याच नाचावर जास्त चर्चा केली. ती प्रौढ आहे, लढू शकते. बारा वर्षांची मुलगी कोणाला सांगणार? समाजमंदिराची किंवा विहाराची एक खोली त्या संध्याकाळी मुलींसाठी राखून ठेवायची, आतून कडी लागते का ते बघायचे, दाराशी मुलींपैकीच कोणाच्या दोन आया बसवायच्या आणि आत कोणाचाही मोबाईल न्यायचा नाही. विहाराची खोली देता येत नाही म्हणणारे भेटतात. भगवान बुद्धांनी आम्रपालीचे भोजन स्वीकारले होते, हे त्यांना आठवण करून द्यावे.

स्वच्छतागृह हा याच्याच शेजारचा विषय. पाच तास मांडवात थांबलेल्या पोरी पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आहे, विशेष दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. आपल्याकडे पाहुणे उशिरा येतात, सत्कार लांबतात आणि मुलांचे नाच शेवटी ढकलले जातात, कारण नाच संपले की गर्दी उठते. म्हणजे पाहुण्यांच्या भाषणाला श्रोते टिकावेत म्हणून लेकरांना ओलीस ठेवायचे. मुलांचे नाच आधी, सत्कार नंतर. गर्दी उठली तर उठली.

सुरक्षेइतकाच प्रश्न सामावून घेण्याचा आहे आणि इथे तर आपण स्वतःलाच तपासले पाहिजे. नाच बसवणारी मुले पुढच्या रांगेत कोणाला उभे करतात ते एकदा पाहा. गोरी, बारीक, चांगला ड्रेस भाड्याने आणू शकणारी. काळी, जाड, चष्मेवाली पोरगी मागच्या रांगेत किंवा ‘तू झेंडा धर’. बाबासाहेबांच्या जयंतीत रंगावरून रांग लागते! ड्रेसचे भाडे ज्या आईला परवडत नाही तिची पोरगी तालमीलाच येत नाही, आणि आपण समजतो तिला आवड नाही. कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाला समूहनृत्यात जागा मिळेल अशी चाल बसवणे अशक्य नाही, पण कोणी बसवत नाही. नाचाची आवड असलेल्या मुलाला ‘नाच्या’ म्हणून इतके छळले जाते की तो सातवी-आठवीत नाच सोडतो, किंवा घर. तृतीयपंथी म्हणून वाढणाऱ्या लेकरांची गोष्ट तर याहून कठीण आहे.

आणि सगळ्यात अवघड बाब. वस्तीच्या कडेला पालावर राहणारे डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ यांची मुले. ती दोरीवर चालतात, कोलांट्या मारतात, रस्त्यावर पैसे मागत नाचतात. आपल्या स्पर्धेत ती का नसतात? ‘ते धंदेवाले आहेत, आपली मुले हौशी’, असे उत्तर मला एका शिकलेल्या बौद्ध तरुणाने दिले. हे वाक्य पुन्हा वाचा. ज्या वाक्याने आपल्या आज्यांना मंचावर नाचवले आणि देवळाबाहेर ठेवले, त्याच वाक्याची ही पुढची पिढी आहे. मातंग वस्तीतल्या मुलांना बोलावले का, हेही विचारा.

या वर्षी पावतीपुस्तक छापायला टाकण्याआधी मंडळाची बैठक होईल. त्या बैठकीत खर्चाच्या यादीत मुलींच्या खोलीचा पडदा आणि कडी, पिण्याचे पाणी, ड्रेसच्या भाड्यासाठी राखीव रक्कम, रात्री मुलांना दारापर्यंत सोडणाऱ्या रिक्षाचे पैसे, असे चार खाने घाला. नोटा उधळणार नाही, बक्षीस द्यायचे तर पाकिटात आणि सगळ्यांना सारखे, हे ठरवून माईकवरून जाहीर करा. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मंचाच्या कडेला रंगवा, प्रायोजकाच्या फलकाइतक्याच मोठ्या अक्षरात. आणि ही बैठक रात्री साडेनऊला पारावर घेऊ नका, तिथे फक्त पुरुष येतात. नाचणाऱ्या पोरींच्या आया धुणीभांडी, स्वयंपाकाची कामे आटोपून रविवारी दुपारी तीन-चारच्या सुमारास मोकळ्या होतात. बैठक त्या वेळेला ठेवा, आणि नाचणाऱ्या मुलामुलींनाही बोलवा. शिवूबाईचे पत्र मासिकात छापले होते. ही पोरे तर समोर बसून बोलतील.